आई आणि मावशीमधली लाइन

मोबाइलच्या पडद्यावर मावशीचा हात हवेत थांबला आणि आई बघत राहिली. मग तिनं पडद्यावर बोटानं टकटक केली, दार वाजवल्यासारखी. मावशी हलली नाही. एक हात छातीपाशी, दुसरा कडेला अर्धा कापलेला आणि तोंडावर ते गोल फिरणारं चक्र. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “बंद करून परत लाव!” ओरडल्यावर आठवलं की आईला ऐकू येत नाही. इतकी वर्षं झाली, पण राग आला की मी हे हटकून विसरते.

माझी आई आणि तिची धाकटी बहीण दोघी जन्मापासून बहिऱ्या. लोक मुक्या म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. मुक्या कसल्या! दोघी समोरासमोर बसल्या की घरात दुसऱ्या कुणाला बोलायची सोय उरत नाही. करमाडजवळच्या शेतवस्तीवर त्या वाढल्या. त्यांना शाळेत कुणी घातलं नाही, तेव्हा दोघींनी मिळून हातांची एक बोली तयार केली. ती जगात आणखी कुणालाच येत नाही. मला येते, कारण मी तीच ऐकत, म्हणजे बघत, मोठी झाले. तरी त्या वेगात बोलायला लागल्या की अर्धंमुर्धं माझ्या हातून निसटतं. दोघींना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे चिठ्ठी, मेसेज यांचा उपयोग शून्य.

मावशी लग्न होऊन नागपूरला गेली आणि ही बोली वर्षाकाठी एखाद्या लग्नकार्यापुरती उरली. मग घरात नेट आलं. वडील गेल्यावर मी आईला शहरात माझ्याकडे उस्मानपुऱ्यात आणलं, तेव्हापासून दुपारची भांडी झाली की दोघींचा व्हिडिओ कॉल ठरलेला. तुमचं-माझं चित्र अडकलं तर आपण म्हणतो, राहू दे, आवाज येतोय ना. यांचं चित्र अडकलं की शब्दच अडकतो. हे मी कस्टमर केअरच्या किती मुलींना समजावून सांगितलं असेल! प्रत्येक मुलगी म्हणायची, “मॅडम, तब तक आप वॉइस कॉल कर लीजिए.”

यंदाच्या उन्हाळ्यात मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. बायपास, शुक्रवारी सकाळी. एरवी आम्ही आईला घेऊन नागपूरला गेलोच असतो, पण आई महिनाभरापूर्वी न्हाणीघरात पडली होती. खुब्यात सळई बसवलेली होती आणि पलंगावरून उठवायचं नाही, प्रवासाचं तर नावही काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे मावशी आत जाण्याआधी दोघींचं जे काय बोलणं व्हायचं ते त्या कॉलवरच व्हायचं. मावशी घाबरली होती. रोज तीच तीच गोष्ट विचारायची, छाती उघडल्यावर आतलं बाहेर तर नाही ना येत? आई तिला समजवायला लागायची आणि नेमकं तेव्हा चक्र फिरायला लागायचं.

आमचं घर तळमजल्यावर, दोन्ही बाजूंनी उंच इमारती उठलेल्या. मोबाइलची रेंज गच्चीवर गेलं तरच मिळते, तीही बोलण्यापुरती, व्हिडिओ काही लागत नाही; घरात तर एक काडी येते आणि जाते. त्यामुळे सगळी मदार भिंतीवरच्या नेटच्या पांढऱ्या डब्यावर आणि त्यात येणाऱ्या वायरीवर. ही वायर आमच्या गल्लीच्या केबलवाल्याची. केबलवाला म्हणायचं ते सवयीनं, कारण आधी ते टीव्हीची केबल द्यायचे, मग नेट द्यायला लागले. माझा नवरा पाचोडचा, ते पाचोडचे, दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. माझे सासरे गेले तेव्हा गावाकडून माणसं आणायला रातोरात गाडी यांनीच केली होती. मी त्यांना भाऊजी म्हणते. माणूस सोन्यासारखा, पण लाइन दुपारी उन्हं चढली की मान टाकायची. सगळ्या गल्लीचीच ती गत. तक्रार केली की भाऊजी लगेच यायचे, डबा बंद करायचे, चालू करायचे, “बघा वहिनी, पळायला लागलं,” म्हणायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. ते कोपऱ्यावर पोचेपर्यंत चक्र पुन्हा सुरू.

मी नवऱ्याला म्हटलं, “लाइन बदलू या.”

तो म्हणाला, “बदलू की. पण त्याला सांगायचं कसं?”

भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि ती माझ्या नवऱ्याची सख्खी लागते. दुकानदारानं डाळ जास्त मोजली तर घेऊन येतो, कमी मोजली तरी घेऊन येतो. आमच्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. नाही म्हणायचं असेल तर ‘बघतो’ म्हणतात आणि समोरच्यानं ते ओळखायचं असतं. मी म्हटलं, “सांगायचंच नाही आत्ता. आधी नवी लाइन येऊ दे, ती चालते का बघू, मग जुनी बंद करू.” मोठ्या कंपनीच्या ॲपवर मी पत्ता टाकला. ‘अभिनंदन, आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे,’ असं हिरव्या अक्षरांत आलं. सोमवारी माणसं येणार असंही आलं. सोमवार ते शुक्रवार, मध्ये चार दिवस हातात होते, म्हणून मी निर्धास्त होऊन रविवार असूनही शाळेत पेपर तपासायला गेले.

संध्याकाळी घरी आले तर भिंतीवर डबा नाही. स्क्रूची दोन भोकं आणि खाली चुन्याची भुकटी. टेबलावर मोसंबीची पिशवी.

“हे काय?”

नवरा खुर्चीत आखडून बसला होता. झालं होतं ते असं. नव्या कंपनीची माणसं उद्या खांबावर चढणार, भाऊजींना ते दिसणार आणि आपण सांगायच्या आत दिसणार, हे काही त्याला पचेना. म्हणून तो सांगायला गेला. समोर गेल्यावर तोंडातून निघालं काय, तर, “मामीला घेऊन नागपूरला चाललोय. घर बंद राहील बरेच दिवस.” माझा नवरा आईला मामी म्हणतो.

भाऊजी म्हणाले असतील, मग नेट कशाला चालू ठेवतो उगं? ते त्याच पावली पक्कड घेऊन आले, डबा काढला, वायर गुंडाळली आणि मावशीला द्यायला म्हणून आपल्या मळ्यातली मोसंबी ठेवून गेले.

“आई घरात झोपलेली दिसली नाही त्यांना?”

“आतल्या खोलीचं दार लोटलं होतं मी,” तो म्हणाला.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे मी त्या रात्री त्याला इतक्या प्रकारांनी ऐकवलं की शेवटी तो जेवला नाही. मीही नाही. मोसंबी तशीच राहिली. आई मात्र पलंगावरून हातांनी विचारत होती की डबा कुठे गेला. मी सांगितलं. तिला काही केल्या कळेना. नागपूरला चाललो असं का म्हणाला? अडकतं म्हणून सांगायचं ना! आईच्या हातांत भीड नाही. घरी कुणी जाड बाई आली की आई तिच्यासमोर गाल फुगवून मला विचारते, ही अजून जाड झाली का? हातांच्या बोलीत ‘बघतो’ असा शब्दच त्या दोघींनी केला नव्हता. हो किंवा नाही, एवढंच.

सोमवारी नव्या कंपनीचे दोघे जण आले. शिडी लावली, खांबावरचा काळा डबा उघडून बघितला आणि खाली उतरले.

“मॅडम, डब्बा फुल है. इसमें एक भी जागा नहीं.”

“मग ॲपवर उपलब्ध कसं दाखवलं?”

“ॲप का क्या है, मॅडम, वो तो सब को हौ बोलता.” मागच्या गल्लीतल्या खांबावर जागा होती, पण तिथून वायर आणायची तर भाऊजींनी भिंतींवर ठोकलेल्या हुकांवरूनच आणावी लागणार होती. दुसरी वाट नव्हती. त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं. शेजारी म्हणाले, हूक केबलवाल्याचे, त्याला विचारा. आणि केबलवाल्याच्या लेखी आम्ही नागपूरला होतो.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं चपला शोधायला खाली मान घातली.

दोघांपैकी एक जण जाता जाता म्हणाला, “मॅडम, ओटीपी आएगा, वो दे दो ना. कल आके काम कर देता मैं. आज का टारगेट हो जाएगा मेरा.” मी म्हटलं, काम झाल्यावर. तो हसला आणि सामान आवरायला लागला. मी आत आईकडे वळले तेवढ्यात नवऱ्याच्या मोबाइलवर (ॲपवर नंबर त्याचाच दिला होता) काम पूर्ण झाल्यावर द्यायचा तो आकडा आला आणि त्यानं तो देऊन टाकला. पोराचं टार्गेट आहे म्हणे. पाच मिनिटांत मेसेज आला, ‘आपली जोडणी यशस्वीपणे पूर्ण झाली आहे. वेगवान इंटरनेटचा आनंद घ्या.’ मी तो मेसेज आईच्या पलंगाशेजारी बसून वाचला. भिंतीवर भोकं होती तशीच होती.

मंगळवारी मी कस्टमर केअरला फोन लावत राहिले. त्यासाठीसुद्धा गच्चीवर जावं लागायचं. उन्हानं फरशी तापलेली, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मी पलीकडच्या आवाजाला सांगतेय की लाइन आलेलीच नाही. पलीकडचा आवाज म्हणतोय, “मॅडम, हमारे सिस्टम में तो आपका कनेक्शन ॲक्टिव्ह दिख रहा है.” तक्रार नोंदवायची तर ती ‘चालू जोडणीत बिघाड’ अशीच नोंदवली जाणार. बिघाड दुरुस्त करायला माणूस येणार, तो येऊन बघणार की जोडणीच नाही, आणि जाणार. तसा एक येऊन गेलाही. त्यानंही ओटीपी मागितला. या वेळी मी नवऱ्याचा मोबाइल माझ्या पर्समध्ये ठेवला होता.

दुपारची वेळ झाली की आई उशीला टेकून बसायची, केस सारखे करायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची. ती पुन्हा आडवी व्हायची.

बुधवारी गच्चीवर मावसभावाचा फोन आला. मावशीचा हा एकुलता एक मुलगा बँकेत आहे, गरीब स्वभावाचा, पण हातांची बोली त्याला जेवण-पाणी-औषध याच्या पुढे फारशी येत नाही. म्हणाला, “ताई, काय झालंय? आई दुपारी मोबाइल पुढ्यात घेऊन बसते. मी तिला सांगितलं, वायर तुटली. ती विश्वासच ठेवत नाही.”

“का?”

“तिला वाटतं मोठी मावशी रुसली. ऑपरेशन नको म्हणत होती ना ती, आणि आईनं ऐकलं नाही.”

खरं होतं ते. सुरुवातीला आई मावशीला म्हणाली होती की छाती कापून घेऊ नकोस. पण ते केव्हाच मिटलं होतं. आता तर आईच तिला धीर देत होती, दर दुपारी अर्धा अर्धा. मी भावाला म्हटलं, “तिला सांग, रुसली नाही. शपथ घेऊन सांग.” तो म्हणाला, “शपथ कशी सांगतात, ताई?” आणि मला फोनवरून ते सांगता येईना. हात फोन धरण्यात अडकलेला आणि जे सांगायचं ते हातांचंच. मी गच्चीवर एकटीच उभ्या उभ्या रडले.

आईला मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

गुरुवारी शाळेतून अर्धी रजा टाकून मी जालना रोडवरच्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या थंडगार हवेत एक टाय लावलेला मुलगा मला टोकन घ्या म्हणाला. मी म्हटलं, “टोकन नको. माझ्याबरोबर माणसं पाठवा. ती निघाली की मी उठेन.” लोक बघायला लागले. आवाज चढवायला मला फार कष्ट पडत नाहीत. शेवटी तेच दोघे जण शिडी घेऊन माझ्या स्कूटीच्या मागे मागे आले. मी त्यांना म्हटलं, हुकांचं मी बघते, तुम्ही वायर ओढा. माझंही डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं.

वायर दोन घरं ओलांडून आली असेल, तोच गल्लीत भाऊजींचा आवाज. “ए, खाली उतर. आधी खाली उतर.” शिडीवरचा खाली आला. भाऊजी आमच्या दारात उभे राहिले.

“काय वहिनी, नागपूरला गेलता ना तुमी?”

“भाऊजी, आत या.”

“आत कशाला? इथूनच बोलतो.” ते माझ्या पाठीमागे उभ्या नवऱ्याकडे बघत होते. “घर बंद ठेवणार म्हणला. मी सोताच्या हातानं वायर गुंडाळली. अन् आज माझ्याच हुकावर दुसऱ्याची वायर? अरं, तुझी लाइन नको म्हणून तोंडावर सांगायचं व्हतं. मी काय खाल्लं असतं तुला?”

“तसं नाय रे,” नवरा म्हणाला.

“तसं नाय तर कसं?”

भाऊजींचे डोळे भरून आले होते आणि ते मला रागापेक्षा अवघड वाटलं. त्यांनी शिडीवाल्यांना हात केला, “उचला सामान. या गल्लीत माझ्या हुकावर दुसरी वायर येणार नाय.” ते दोघे खरंच वायर गुंडाळायला लागले. शुक्रवार सकाळ आणि आमच्यामध्ये फक्त ती संध्याकाळ होती.

तेवढ्यात आतून धपधप आवाज आला. आई पलंगावर तळहात आपटत होती. तिला कुणाला हाक मारायची असली की ती हेच करते. उघड्या दारातून तिला सगळं दिसत होतं. ऐकू आलं नसलं तरी कोण रागावलंय, कुणाची मान खाली आहे आणि वायर परत चाललीय, हे कळायला कान लागत नाहीत. तिनं भाऊजींना बोटानं बोलावलं. म्हाताऱ्या माणसानं बोलावल्यावर त्यांना चपला काढून आत यावंच लागलं.

आईनं त्यांना पलंगाशेजारी बसवलं. मग तिनं एक हात छातीपाशी धरला, दुसरा हवेत उचलला आणि तशीच थांबली. पापणीही न हलवता, त्यांच्याकडे बघत. इतका वेळ थांबली की भाऊजी चुळबुळायला लागले. “काय झालं मामीला?” त्यांनी मला विचारलं.

“चित्र अडकलंय,” मी म्हटलं. “तुमच्या लाइनवर मावशी अशी दिसते.”

आईनं हात खाली घेतले. मग छातीवर वरून खाली बोटानं रेघ ओढली, उशीवर मान टेकून डोळे मिटून दाखवले आणि उद्याची खूण केली. मग स्वतःकडे बोट, दूर कुठे तरी बोट आणि दोन्ही हात रिकामे उघडून दाखवले. शेवटी भाऊजींच्या छातीला हात लावून तिनं मान डोलावली, आणि भिंतीवरच्या भोकांकडे बोट दाखवून नाक मुरडलं.

नवरा हळूच म्हणाला, “अगं, जरा सांभाळून सांग.”

मी सांभाळलं नाही. म्हटलं, “ती म्हणते, बहिणीची छाती उद्या कापणार आहेत. त्याआधी तिच्याशी बोलायचं राहिलंय. तू माणूस चांगला आहेस, तुझी वायर वाईट आहे.”

भाऊजी म्हणाले, “मला वाटायचं मामी नेटवर पिच्चर बघती. अडकलं तर अडकलं, त्यात काय. मला कुणी बोललंच नाय की हे असं हाय म्हणून. मी आपला यायचो अन् रिस्टार्ट मारून जायचो.” आम्ही खरंच कधी सांगितलं नव्हतं. आलेल्या माणसाला चहा दिला होता, तक्रार दिली नव्हती.

ते उठून बाहेर गेले आणि शिडीवाल्यांना म्हणाले, “घ्या माझ्या हुकावरनं. सावकाश घ्या, मुरगळू नका वायर.” पण आता दुसरीच अडचण. वायरीच्या आतली काचेची बारीक तार जोडायचं मशीन त्या दोघांनी दुसऱ्या जागी पाठवून दिलं होतं. उद्या दुपारशिवाय जोडणी होणार नव्हती.

“मग मामीला गाडीत घालू,” भाऊजी म्हणाले. “मोकळ्यावर नेऊ. तिथं रेंज लई हाय.”

“डॉक्टरांनी हलवू नका सांगितलंय,” नवरा म्हणाला.

आईनं आमच्या तोंडांकडे बघून बोलणं ओळखलं होतं. मी काही सांगायच्या आत ती पलंगाच्या कठड्याला धरून उठायला लागली होती. भाऊजींनी आपल्या व्हॅनमधून वायरींची वेटोळी काढून आमच्या ओट्यावर टाकली, मागच्या सीटवर गादी घातली आणि दोघांनी आईला चादरीच्या झोळीत उचललं. आई कण्हत होती. त्या कण्हण्याला मात्र आवाज असतो, आणि तो आपल्यासारखाच असतो. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानाजवळ गाडी उभी केली तेव्हा उन्हं कलली होती. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या. आईनं केस सारखे केले. मी कॉल लावला.

भावानं उचलला. त्याच्या मागे हॉस्पिटलचा मोठा जिना दिसत होता. चित्र इतकं स्वच्छ की त्याच्या दाढीचे खुंट दिसत होते.

“ताई, आत्ताच आत नेलं तिला,” तो म्हणाला. “तयारीसाठी. मोबाइल आत चालत नाही. आता मला पण सोडणार नाहीत.”

मी आईकडे वळून सांगितलं. ती पडद्यातल्या रिकाम्या जिन्याकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि घरी येईपर्यंत उचलले नाहीत. भाऊजी खड्डे चुकवत गाडी चालवत होते.

शुक्रवारी मावशीचं ऑपरेशन झालं. नीट झालं असं भावानं सांगितलं आणि आमच्या जिवात जीव आला. त्याच दुपारी नवीन डब्यावर हिरवा दिवा लागला. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्या दिव्याकडे बघून माझ्या कपाळाची शीर उडत होती. भाऊजी जोडणी होईपर्यंत शिडी धरून उभे होते. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले.

शनिवारी भेटीच्या वेळेत भावाला पाच मिनिटं आयसीयूत जाता आलं. त्यानं गयावया करून मोबाइल आत नेला आणि कॉल लावला. आमच्या पडद्यावर मावशी आली. तोंडावर मास्क, चेहरा सुजलेला, पण डोळे उघडे. चित्र अडकलं नाही, थरथरलंसुद्धा नाही. आईनं दोन्ही हात वर केले आणि बोलायला सुरुवात केली. बरी आहेस ना, दुखतं का, मी इथेच आहे. मावशी बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ती काहीच बोलेना.

आई थांबली. पुन्हा विचारलं. मावशीचे खांदे हलले आणि पुन्हा स्थिर झाले. मला क्षणभर वाटलं, ऑपरेशनमध्ये डोक्याला काही झालं. “मोबाइल खाली घे,” मी भावाला म्हटलं. त्यानं घेतला. मावशीची दोन्ही मनगटं पांढऱ्या पट्टीनं पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती.

“हात का बांधलेत?” मी ओरडले.

“शुद्धीवर आल्यापासून सारखी हात हलवत होती, ताई. नळ्या ओढेल म्हणून बांधलेत. सगळ्यांचेच बांधतात म्हणे.”

आईनंही ते बघितलं होतं. तिनं तोंडावर हात दाबून धरला. मी तिच्या पुढ्यात उशीला टेकवलेला मोबाइल झटकन उचलला. “नर्सला बोलाव! नळ्या नाही ओढत ती! बोलतेय! हात म्हणजे तिचं तोंड आहे, तोंड बांधून ठेवलंय तुम्ही तिचं! एक हात सोडा. एक तरी सोडा!” माझा आवाज आयसीयूभर गेला असणार. नवरा मागून दंड धरत होता, मी त्याला झटकलं. पडद्यावर कुणाचा तरी हिरवा डगला आला, चेहरा दिसला नाही, भावाचा रडवेला आवाज आला, “सिस्टर, प्लीज, मी धरून ठेवतो, नळीला हात लावू देणार नाही.” मग पट्टी सोडवणारी दोन बोटं दिसली.

मावशीचा डावा हात सुटला. मनगटावर वळ होता. तो हात तिनं हळूहळू उचलला, हनुवटीशी नेला आणि बोटांनी तोंड एका बाजूला वळवलं. ही खूण मला नीट कळली.

रुसलीस?

आईला उत्तर द्यायचं होतं. तिचे हात उठलेसुद्धा. पण डोळे इतके भरले की समोरचं दिसेना. दिसेना म्हणून ती डोळे पुसायची, आणि पुसायला हात लावला की बोलणं थांबायचं. पलीकडे मावशी वाट बघत होती, हात अजून हनुवटीशी. सिस्टर म्हणत होती, “बस, वेळ झाली.” मी मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला, आईच्या मागे पलंगावर चढून बसले आणि माझ्या ओढणीनं तिचे डोळे पुसत राहिले, म्हणजे तिचे हात बोलायला मोकळे राहतील.